लाखोळी डाळ आणि पायांची विकलता : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत उभ्या धानाच्या बांधीत, ओलीवर लाखोळी पेरण्याची परंपरा आहे. महिनोन्महिने हीच डाळ मुख्य अन्न ठरल्यास मज्जारज्जूतील प्रेरक चेतातंतूंचा ऱ्हास होऊन पाय ताठरतात. पुढे चांद्यासह मध्यप्रांतात समाविष्ट झालेल्या सागर परिसरात १८२९ नंतरच्या पीकनाशात असे पंगुत्व पसरल्याची नोंद स्लीमनने केली. कॅन्टानीने १८७३ मध्ये या रोगास 'लॅथिरिझम' हे नाव दिले. १९६४ मध्ये भारतीय संशोधकांनी त्यातील विषद्रव्य वेगळे केले; कोंबडीच्या पिलांना ते टोचल्यावर चेताविकृतीची लक्षणे दिसली. तत्पूर्वी, १९६१ मध्येच केंद्र शासनाने विक्रीबंदीचा नियम केला होता. तथापि विक्रीबंदी घरच्या कणगीपर्यंत पोहोचत नाही. दुष्काळात दुसरे धान्य नसणे, हेच या पंगुत्वाचे मूळ होय. मिश्र आहाराची उपलब्धता हाच त्याचा खरा प्रतिबंध ठरतो.