पुण्याचा खेळ आणि मागच्या रेषेवरचं फूल

आपल्या वेळी शाळेच्या खेळाच्या कपाटात चार जुन्या लाकडी रॅकेट होत्या. वाकू नयेत म्हणून त्या लाकडी चौकटीत घालून चार स्क्रूंनी आवळून ठेवलेल्या असत. रॅकेट हातात देण्याआधी सर दोनच गोष्टी सांगायचे: मूठ हस्तांदोलनासारखी धरा, आणि नुसता खांदा वापरू नका, मनगट वापरा. मग हमखास म्हणायचे, "अरे, हा आपल्या पुण्याचा खेळ आहे!" आपल्याला ती थाप वाटायची. स्मरणिकेच्या निमित्ताने वाचायला बसले, तर सरांचं बरंचसं खरं निघालं.

लहान फळीने फूल हवेत उडवत ठेवण्याचा खेळ युरोपात आणि आशियात फार जुना. फूल खाली पडू द्यायचं नाही, एवढंच. 1860-70च्या काळात हिंदुस्थानातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी मधे जाळी बांधली आणि खेळाला दोन बाजू आल्या. पुण्याच्या छावणीत तो इतका रुजला की त्याला 'पूना'च म्हणू लागले. 1873च्या सुमारास त्याचे नियमही पुण्यात बांधले गेले असं मानतात. नाव मात्र मिळालं इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरच्या बॅडमिंटन हाउसवरून; ते ड्यूक ऑफ ब्यूफोर्टचं घर. 1893मध्ये तिकडे संघटना झाली, 1899मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा सुरू झाली. गंमत म्हणजे 1901पर्यंत कोर्ट डमरूसारखं, जाळीपाशी अरुंद असायचं. आजचं 44 फूट लांब, दुहेरीसाठी 20 फूट रुंद. जाळी मधोमध 5 फूट. फुलाला 16 पिसं आणि वजन जेमतेम 5 ग्रॅम.

पुढे सांगलीचे नंदू नाटेकर 1956मध्ये आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. 1980मध्ये प्रकाश पदुकोण यांनी ऑल इंग्लंड जिंकली. 1992मध्ये हा खेळ पदकांसाठी ऑलिंपिकमध्ये आला, तेव्हा आपण आठवीत होतो.

एक नियम सर पुन्हा पुन्हा सांगत: रेषेवर पडलेलं फूल आतच. आता त्याबद्दलच लिहायचं आहे.

दहावीतली मुलींची दुहेरीची फायनल आठवते? एरवी प्लॅस्टिकचं फूल; त्या दिवशी सरांनी पिसांचं काढलं होतं. गुण तेव्हा सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळायचा. आमची सर्व्हिस, 14-13. समोरून आलेलं फूल माझ्या मागे पडलं. मी "बाहेर!" म्हणाले. सरांनी विचारलं, "नक्की?" मी मान डोलावली. 15-13. फूल उचललं तेव्हा त्याच्या बुचाला रेषेची पांढरी फक्की लागली होती. मी ती स्कर्टला पुसून टाकली.

कप मला मिळाला. समोरची मैत्रीण काही बोलली नाही, पण पुन्हा माझ्याबरोबर खेळलीही नाही. पुढची एवढी वर्षं कोडमधल्या चुका शोधून दुरुस्त करणं हाच माझा धंदा. ही एक तशीच राहिली.

स्नेहमेळाव्याच्या यादीत तिचं नाव आहे. मी दोन रॅकेट आणि पिसांचं एक फूल घेऊन येतेय. आता गेम 21चा असतो आणि प्रत्येक रॅलीला गुण मिळतो, पण आम्ही जुन्याच नियमांनी खेळू, 14-13पासून. सर्व्हिस तिची. सर, तुम्ही पंच म्हणून बसाल ना?