बेचिराग

महसुली दप्तरात एक जुना शब्द आहे, बेचिराग. फारसी कारकुनीची ती देणगी. ज्या गावाला नाव आहे, शिव आहे, शेते आहेत, ज्याचा सारा बिनचूक वसूल होतो, पण ज्यात दिवेलागणीला एकही दिवा लागत नाही, ते गाव बेचिराग. ऐन दिवाळीत असला शब्द उच्चारावा हे कोणाला अभद्र वाटेल. पण गाव आहे की नाही हे शेवटी कागद ठरवीत नाही, दिवा ठरवतो, एवढे शहाणपण त्या फारसी कारकुनालाही होते, हे मला मोठे मौजेचे वाटते.

मी औशाचा. आमचे गाव लातूरच्या दक्षिणेस सुमारे वीस किलोमीटरवर, बालाघाटाच्या पठारावर. किल्ला आहे, पण डोंगरावर नव्हे; तो खोलगट जागी बसला आहे. बहामनी काळापासून तो नांदता, मलिक अंबराने तो घेतला, 1636 मध्ये मोगलांनी घेतला. किल्ल्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि पुढेही लिहिले जाईल. मला बोलायचे आहे ते तालुक्यातल्या लहान खेड्यांविषयी, ज्यांच्यासाठी कोणी लढाई केली नाही.

तावरजा आणि तेरणा, लोकांच्या तोंडी तिरणा, या आमच्या नद्या. दोघीही पुढे मांजरेला मिळतात. त्यांच्या काठची गावे पाहिली की जुन्या लोकांची विभागणी ध्यानात येते. गावाचे दोन भाग, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची. घरे पडावीत, त्यांच्या मातीवर पुन्हा घरे उठावीत, चुलीची राख आणि उकिरड्याचे खत पिढ्यान् पिढ्या त्याच जागी मुरावे, म्हणजे जमीन पांढरी होते आणि हळूहळू उंचावते. माझे आजोळ तिरणेकाठचे. तिथे वेशीतून आत शिरताना चढण लागे. ती चढण निसर्गाची नव्हती, ती माणसांनी नकळत रचलेली होती. वर घरांची अशी दाटी की एका माळवदावरून दुसऱ्यावर जात जात निम्मे गाव ओलांडावे. दगडमातीच्या दोन-तीन फुटी भिंती, वर लाकूड आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा आणि चोराला मज्जाव. त्या काळच्या गावाला आणखी काय हवे होते?

आता अशा गावाची नोंद कशी होते ते पाहा. महसूल खात्याचे गाव निराळे, ग्रामपंचायतीचे गाव निराळे. दोन-तीन लहान गावे मिळून एक गट ग्रामपंचायत असते. त्याखेरीज वाड्या, वस्त्या आणि लमाणांचे तांडे. तांड्याला नाव असते, नाईक असतो, विहीर असते. पण स्वतंत्र महसुली गावाचा दर्जा मिळेपर्यंत त्याची माणसे मूळ गावाच्या आकड्यात विरून जातात. शिरगणतीच्या पुस्तकात तो तांडा शोधू गेलात तर सापडणार नाही. माणसे मोजलेली असतात, जागा मोजलेली नसते.

हे आपल्याकडेच आहे असे नव्हे. अमेरिकेत अशा हजारो वस्त्या आहेत, ज्यांना नगरपालिका नाही, महापौर नाही. कारभार कौंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या घटकाचा. त्यांना तिकडे ‘अनइन्कॉर्पोरेटेड’ म्हणतात. गावाची हद्द कुठे संपते हे रहिवासी सांगतील तेच. तेव्हा तिथल्या शिरगणती खात्याने 1950 पासून, निदान मोठ्या वस्त्यांपुरत्या, स्वतःच नकाशावर रेघा ओढून आतली माणसे मोजायला सुरुवात केली. आपल्याकडे याचा उलटा प्रकार आहे. पाच हजारांवर वस्ती, चौरस किलोमीटरला किमान चारशेची दाटी आणि पुरुष कामकऱ्यांपैकी तीन चतुर्थांश शेतीबाहेरचे, एवढे जमले की शिरगणती त्या गावाला शहर म्हणते. कारभार मात्र सरपंचाकडेच राहतो.

आमच्या मुलखाची पहिली पद्धतशीर शिरगणती निजामी राज्यात 1881 मध्ये झाली. उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, जिल्ह्याचा मोठा भाग त्या काळी सर्फेखासात, निजामाच्या खासगी जहागिरीत, मोडे. सर्फेखास 1949 मध्ये संपले, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1982 मध्ये लातूर जिल्हा झाला तेव्हा औसा त्यात गेला. राज्ये बदलली, जिल्हे बदलले, पण दर दहा वर्षांनी मोजणीदार त्याच पांढरीवर चढत राहिला.

1991 ची गणती 1 मार्चच्या सूर्योदयाला धरून होती. तिला दोन वर्षे सात महिने होतात न होतात तोच 30 सप्टेंबर 1993 ची पहाट उजाडली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावे दमून झोपली होती. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी आमच्याच तालुक्यातल्या किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली. औसा आणि उमरगा तालुक्यांतली गावेच्या गावे त्या जाड भिंतींखाली गेली. जी भिंत ऊन आणि चोर अडवीत होती तिच्या दगडांना एकमेकांत बांधणारे काही नव्हते, आणि माळवदाची माती मणांनी वर होती.

पठार अचल आहे असे आम्ही शाळेत शिकलो होतो. पुढे शास्त्रज्ञांनी किल्लारीला भोक पाडून पाहिले, तेव्हा लाव्ह्याच्या खडकाचा थर 338 मीटर भरला आणि त्याखाली त्याहून कितीतरी जुना खडक लागला. हादरा आला तो त्या जुन्या खडकातून.

मृत किती? सरकारी कागदांत 7,928 आकडा आहे, जगभरच्या भूकंपनोंदींत 9,748. मधल्या 1,820 माणसांचे काय, हा प्रश्न मला अनेक वर्षे छळतो आहे. कोण पाहुणा म्हणून आला होता, कोण मजुरीला, कोणाचे कुटुंबच सगळे गेल्याने नाव सांगायला कोणी उरले नव्हते. शिरगणतीच्या कोष्टकाला हे विचारता येत नाही. त्या वर्षी लक्ष्मीपूजन दीड महिन्यावर, 13 नोव्हेंबरला होते.

मग जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन झाले. 52 गावे नव्या जागी वसली. घर जमिनीच्या मानाने मिळाले: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना 250 चौरस फूट, मधल्यांना 450, मोठ्या जमीनदारांना 750. रुंद सरळ रस्ते, सारखी घरे, ऐसपैस मोकळी जागा. नवी गावे जुन्यांच्या कितीतरी पट पसरली. इंजिनियरांचा हेतू चांगलाच होता. पण जिथे माळवदावरून हाक मारली तर चौथ्या घरी ऐकू जाई, तिथे म्हाताऱ्या माणसाला देवळापर्यंत जायला दम लागू लागला. पुष्कळांनी वर्षानुवर्षे पक्क्या घराच्या अंगणात पत्र्याची शेड उभारली आणि रात्री तिथेच अंग टाकले. पक्क्या छपराखाली झोप येत नसे.

काळी जागची हलली नाही. हलली ती पांढरी. नाव नव्या जागी गेले, शेते जुन्याच शिवेत राहिली. त्यामुळे कागदाच्या हिशेबी या गावांना बेचिराग म्हणता येत नाही. जुन्या गावठाणाचे ढिगारे, त्यावर वाढलेली बाभळी-बोरीची झाडी, मधूनच एखादा शाबूत उंबरठा, या जागेला दप्तरात स्वतंत्र शब्दच नाही. किल्लारीला स्मृतिस्तंभ आहे, दर 30 सप्टेंबरला तिथे लोक जमतात. शेतावर जाणारे मात्र रोजच त्या ढिगाऱ्यांवरून जातात, आणि वाटेत कोणाचे घर कुठे होते ते बरोबरच्या पोरांना दाखवतात.