वाऱ्याविना झुकलेले केस

१/ भाद्रपदात पेण तालुक्यातील गडबच्या शेतांवरून वारा वाहिला की भाताची पाती एकाच दिशेला झुकतात. फळमाशीच्या पंखावरही असेच दृश्य दिसते. पंखाच्या सुमारे ३० हजार पेशींपैकी प्रत्येकीवर एक सूक्ष्म केस उगवतो आणि सारे केस पंखाच्या टोकाकडे वळलेले असतात. येथे मात्र वारा नाही. मग दिशा कोण सांगते?

२/ १९५९ मध्ये कीटकशास्त्रज्ञ मायकेल लॉक यांनी रॉडनियस या रक्त शोषणाऱ्या ढेकणाच्या त्वचेचे चौकोनी तुकडे कापून पुन्हा बसवले. तुकडा आडव्या दिशेने सरकवला, तर कात टाकल्यावर त्वचेवरील नक्षी पूर्ववत दिसे. पुढे-मागे हलवला किंवा उलटा फिरवला, तर ती बिघडे. त्वचेत पुढून मागे बदलत जाणारा एखादा अदृश्य उतार असावा आणि पेशी त्यावरून दिशा ओळखत असाव्यात, हा विचार यातून बळावला. हा झाला ‘वाऱ्याचा’ पक्ष.

३/ १९८७ मध्ये व्हिन्सन आणि ॲडलर यांनी वेगळेच दृश्य मांडले. निरोगी पंखात त्यांनी ‘फ्रिझल्ड’ हे जनुक निकामी असलेल्या पेशींचा एक ठिपका तयार केला. ठिपक्यातील केस भरकटले, यात नवल नव्हते. परंतु पंखाच्या टोकाकडील निरोगी शेजारी पेशींचे केसही भरकटले! त्यांचे जनुक शाबूत होते. बिघडला होता तो शेजार.

४/ पुढे या शेजारधर्माची यंत्रणा उलगडली. प्रत्येक पेशीत फ्रिझल्ड प्रथिन टोकाकडील कडेला जमते, तर ‘व्हॅन गॉग’ हे प्रथिन विरुद्ध कडेला. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी वर्णिलेले ‘फ्लेमिंगो’ प्रथिन दोन पेशींच्या सीमेवर दुवा साधते. एकीचे फ्रिझल्ड दुसरीच्या व्हॅन गॉगसमोर येते आणि दिशा पेशीगणिक पुढे पोहोचते.

५/ साऱ्या पंखाला पहिली दिशा कोण देते, हा वाद मात्र आजही मिटलेला नाही. पण प्रश्न केवळ माशीचा राहिलेला नाही. २००१ मध्ये व्हॅन गॉगचेच भावंड असलेले जनुक उंदरांत सापडले. ते बिघडले की गर्भाची मज्जानलिका नीट मिटत नाही. २००७ मध्ये अशाच दुसऱ्या भावंडातील दोष मज्जानलिकेचे व्यंग असलेल्या काही माणसांत आढळले. माशीच्या केसांची दिशा शोधणारी वाट अशी बाळाच्या पाठीच्या कण्यापर्यंत येऊन पोहोचली.