उंचीचा कांटा आणि घाटमाथा

मलकापूरहून बुलढाण्यास निघालेला वाटसरू राजूर घाट चढून वर येतो, तेव्हां त्याच्या पायांखालची जमीन हजार फुटांहून अधिक उंचावलेली असते. वऱ्हाडांत या दोन प्रदेशांस पायनघाट व बालाघाट अशीं जुनीं नांवें आहेत. चढणाऱ्यास हा भेद कोणीं सांगावा लागत नाहीं; त्याचे गुडघेच तो सांगतात. विमानांतील मनुष्यास मात्र ही सोय नाहीं. त्याचा उंचीमापक म्हणजे मूळचा वायुभारमापकच होय. तो खालच्या जमिनीपासूनचें अंतर मोजीत नसून समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवितो. आणि तीहि स्थानिक वायुभार त्यावर बसविला असेल तरच खरी. दहा मिलिबारांची तफावत राहिली कीं सुमारें तीनशें फुटांची चूक होते. पावसाळ्यांत वायुभार उतरलेला असतो. अशा वेळीं कांटा प्रमाणभूत आंकड्यावरच राहिला, तर विमान दाखविल्यापेक्षां खालींच असतें.

दख्खनच्या पठारावरून मुंबईस येणाऱ्या विमानाला असाच एक घाट उतरावा लागतो. तो सह्याद्रि, आणि तो ओलांडला तरी डोंगर संपत नाहींत. १२ जुलै १९४९ रोजीं दिल्लीहून येणारें के. एल. एम. कंपनीचें कॉन्स्टेलेशन विमान पावसाळी अभ्रांत घाटकोपरच्या टेकडीवर आदळलें व त्यांतील ४५ माणसें मृत्यु पावलीं. इंडोनेशिया पाहून परतणारे १३ अमेरिकन पत्रकार त्यांत होते; पुलित्झर-पारितोषिकाचे मानकरी निकरबॉकर हे त्यांपैकींच एक. ती टेकडी जेमतेम सातशें फुटांच्या आसपासची!

तथापि अधिक विचार करावयास लावते ती १९६२ ची दुर्घटना. ७ जुलैस, मध्यरात्र नुकतीच उलटली असतां, सिडनीहून निघून बँकॉकमार्गें मुंबईस येणारें अलितालिया कंपनीचें डी. सी. ८ विमान जुन्नरच्या डोंगरांत कोसळलें. ९४ जण होते. एकहि वांचला नाहीं. मुंबई तेथून पन्नासएक मैल दूर होती. मार्गगणनेंत चूक झाल्यामुळें वैमानिकास आपण मुंबईच्या जवळ आलों असें वाटलें, व तो वेळेपूर्वींच खालीं उतरूं लागला, असा निष्कर्ष चौकशींत निघाला. आपलें स्थान पडताळण्याचीं रेडिओ-साधनें उपलब्ध असून तीं वापरलीं गेलीं नाहींत, आणि नेमून दिलेली किमान सुरक्षित उंचीहि पाळली गेली नाहीं.

येथें दोष केवळ वैमानिकाच्या माथीं मारून मोकळें होणें मला पटत नाहीं. उंची आणि स्थान हीं एकाच वाक्याचीं दोन पदें आहेत. चार हजार फूट ही उंची मुंबईच्या समुद्रावर ऐसपैस. हरिश्चंद्रगडाचा माथा मात्र साडेचार हजारांहून उंच आहे. जेथें रडार नाहीं तेथें नियंत्रकास विमानाचें स्थान वैमानिकाच्याच तोंडून कळतें. तें चुकलें तर नियंत्रकाचा निर्दोष हुकूमहि चुकीच्या जागीं जाऊन पडतो.

बरें, रडारनें तरी प्रश्न सुटला काय? १ डिसेंबर १९७४ रोजीं अमेरिकेंत व्हर्जिनियामध्यें टी. डब्ल्यू. ए. कंपनीचें बोइंग ७२७ रडारच्या पडद्यावर असतांनाच डोंगरावर आदळलें व ९२ माणसें गेलीं. नियंत्रकानें उतरणीस अनुमति दिली. वैमानिकांनीं तिचा अर्थ आतां १,८०० फुटांपर्यंत खालीं जाण्यास हरकत नाहीं असा घेतला. ती उंची पुढच्या टप्प्याची होती. डोंगर चुकविण्याची जबाबदारी आपली असें दोघांपैकीं एकासहि वाटलें नाहीं! यानंतरच तेथें नियम बदलला: नकाशांतील मार्गावर विमान येईपर्यंत कोणती उंची राखावयाची, हें नियंत्रकानें स्पष्ट सांगावें असें ठरलें. जमीन जवळ येतांच वैमानिकास इशारा देणारें यंत्रहि याच सुमारास तेथील प्रवासी विमानांत सक्तीचें झालें.

त्या पहिल्या यंत्राची दृष्टि सरळ खालीं असे. समोर एकदम उभा राहणारा कडा त्याला उशिरांच कळे. १९९० नंतरच्या दशकांत मात्र जमिनीचा नकाशाच त्यांत भरला गेला, आणि यंत्र पुढें पाहूं लागलें.