आंबोलीच्या जंगलातला ट्रक आणि आपल्या घाटातली रेंज

आमच्या घरात एक पत्र्याची जुनी पेटी आहे. मागच्या आठवड्यात ती आवरताना आजोबांचं रेडिओ लायसनचं पुस्तक हाती लागलं. पोस्टाचे शिक्के आणि दर वर्षीची फी भरल्याची नोंद. मुलाला दाखवलं तर तो हसायलाच लागला. म्हणाला, "बाबा, नुसतं ऐकायला परवाना?"

हो, नुसतं ऐकायला. 1980 च्या दशकात ही पद्धत बंद होईपर्यंत घरातला रेडिओ हासुद्धा सरकारदरबारी नोंदवायची वस्तू होती. आणि बोलायचा रेडिओ, म्हणजे लहरी सोडणारा ट्रान्समीटर, विनापरवाना बाळगणं हा तर सरळ गुन्हाच. 1885 चा तार कायदा आणि 1933 चा वायरलेस कायदा, दोन्ही इंग्रजांनी केलेले आणि दोन्ही स्वातंत्र्यानंतरही चालू राहिलेले.

पुस्तक पेटीत ठेवलं, पण डोक्यातून जाईना. कारण त्या पुस्तकाच्या काळात याच सह्याद्रीत, आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर, दोन तरुण माणसं एक रेडिओ केंद्र चालवत होती. ट्रकमधून. जंगलात लपून. सहा वर्षं. ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात गोव्यातून होत नाही, दादरा-नगर हवेलीतून होते.

1947 ला इंग्रज गेले, पण पोर्तुगीज गेले नाहीत. गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगर हवेली त्यांच्याकडेच राहिलं. यातलं दादरा-नगर हवेली चहूबाजूंनी भारतीय मुलखाने वेढलेलं. दमणहून तिथे जायचं तर मधला भारताचा पट्टा ओलांडावाच लागे. 1954 च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांच्या वेगवेगळ्या गटांनी हा प्रदेश मोकळा केला. 22 जुलैला दादरा आणि 2 ऑगस्टला सिल्वासा. यात आझाद गोमंतक दल होतं, राजाभाऊ वाकणकर होते, संगीतकार सुधीर फडके होते. आपल्या राजगड-तोरण्याचा इतिहास घरोघरी पोचवणारे बाबासाहेब पुरंदरेही होते. मोहिमेला पैसा हवा म्हणून पुण्यात लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला. बाबूजींना आपण गीतरामायणासाठी ओळखतो. पण या माणसाने हातात शस्त्र घेऊन परकी हद्द ओलांडली होती, हे किती जणांना ठाऊक आहे?

पोर्तुगीज अधिकारी मागे हटले तेव्हा त्यांचे वायरलेस संच तिथेच राहिले. असे दोन संच स्वातंत्र्यसैनिकांच्या हाती लागले. ज्या यंत्रावरून परक्या सरकारचे हुकूम सुटत होते, ते यंत्र हद्द ओलांडून भारतात आलं. या गोष्टीतली ही पहिली सीमा.

इथे एक मजेशीर गोष्ट सांगायला हवी. पोर्तुगालने भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. दमणहून दादरा-नगर हवेलीत जायला आम्हाला वाट मिळालीच पाहिजे, हा दावा. निकाल लागला 12 एप्रिल 1960 ला. न्यायालयाने म्हटलं की खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल नेण्याचा पोर्तुगालला हक्क होता, पण सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा नेण्याचा नव्हता. आणि भारताने कुठलंही बंधन मोडलेलं नाही. म्हणजे सीमेवरून माणूस जाऊ शकतो का एवढाच प्रश्न नसतो, त्याच्या गाडीत काय आहे हा खरा प्रश्न असतो. जगातल्या मोठ्या न्यायालयात यावर चार वर्षांहून जास्त खल झाला, आणि तो आपल्या शेजारच्या मुलखावरून.

आता 1955. गोव्यात सत्याग्रही शिरायला लागले. 18 मे रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली तुकडी गोव्यात गेली. सेनापती बापट म्हणजे आपल्या शेजारच्या मुळशीचे, 1921 च्या धरणग्रस्तांच्या सत्याग्रहाचे. तेव्हा टाटांच्या धरणापुढे उभा राहिलेला माणूस चौतीस वर्षांनी, सत्तरी ओलांडल्यावर, पोर्तुगीजांच्या दंडुक्यापुढे उभा राहिला. पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती होती, जयंतराव टिळक तिचं काम पाहत होते. मग 15 ऑगस्ट 1955 उजाडला. हजारो निःशस्त्र सत्याग्रही हद्दीत शिरले आणि पोर्तुगीजांनी गोळीबार केला. वीसहून जास्त माणसं गेली.

त्यानंतर भारत सरकारने सत्याग्रह थांबवला आणि नाकेबंदी केली. रेल्वे बंद, येणं-जाणं बंद. सरकारच्या बाजूने ते बरोबर की चूक यावर आजही वाद घालता येईल. पण गोव्यातल्या साध्या माणसाच्या वाट्याला काय आलं, ते बघा. आतलं वर्तमानपत्र सेन्सॉरच्या कात्रीतलं. बाहेरचं वर्तमानपत्र येत नाही. रेडिओ लावला तर पोर्तुगीज सरकारचं 'एमिसोरा द गोवा'. गोवा ही वसाहत नाहीच, पोर्तुगालचा समुद्रापलीकडचा प्रांत आहे, हे सालाझारचं म्हणणं रोज कानावर. बाहेर आपल्यासाठी कोणी काही करतंय की सगळे विसरले, हे कळायलाच मार्ग नाही.

अशा वेळी ते दोन वायरलेस संच कामाला आले. जाणकारांनी त्यात फेरफार करून ट्रान्समीटर तयार केला. 25 नोव्हेंबर 1955 ला आंबोलीच्या जंगलातून पहिला आवाज गेला. पोर्तुगीज भाषेत 'वोझ द लिबरदाद', कोकणीत 'गोंयचे सोडवणेचो आवाज'. चालवणारे वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. सुरुवातीला निकोलाव मिनेझिसही बरोबर होते.

लिबियाबाईंचं वय तेव्हा एकतीस. जन्म गोव्यातला, वाढल्या मुंबईत. डॉ. आंबेडकरांनी सुरू केलेल्या सिद्धार्थ कॉलेजात शिकल्या. दुसऱ्या महायुद्धात सेन्सॉरच्या कचेरीत भाषांतराचं काम केलं आणि पुढे आकाशवाणीतही नोकरी केली. म्हणजे बातमी कशी दाबतात ते एका कचेरीत पाहिलं आणि बातमी कशी पोचवतात ते दुसरीत. मुंबईची नोकरी सोडून ही बाई आंबोलीच्या पावसात येऊन राहिली. आंबोलीचा पाऊस काय असतो ते आपल्याला सांगायला नको, आपल्या वरंध घाटाचा थोरला भाऊच तो. जळवा, साप आणि रात्री जनावरं. त्यात रोजची बातमी मिळवायची, लिहायची, दोन भाषांत वाचायची आणि यंत्र कोरडं ठेवायचं.

जंगलच का आणि घाटमाथाच का, याला कारण आहे. आंबोली आणि नंतरचं कॅसलरॉक, दोन्ही ठिकाणं सह्याद्रीच्या कडेवरची. खाली गोवा पसरलेला. उंचीवरून सोडलेल्या लहरीला मधे डोंगर आडवा येत नाही. आणि ट्रक का? तर लहर कुठल्या दिशेने येते हे दोन-तीन ठिकाणांहून मोजलं की केंद्राचा पत्ता लागतो. एका जागी रुतलेलं केंद्र सापडायला वेळ लागत नाही. 1942 मध्ये उषा मेहतांचा काँग्रेस रेडिओ मुंबईत जागा बदलत बदलत चालला होता आणि तरी तीन महिन्यांच्या आत पकडला गेला. त्या रेडिओशी राममनोहर लोहियांचा संबंध होता, आणि त्याच लोहियांनी 18 जून 1946 ला मडगावात सभा घेऊन गोव्याच्या लढ्याची वात पेटवली. धागे असे जुळलेले असतात.

या केंद्राला एक गोष्ट अनुकूल होती. ते भारताच्या भूमीवर होतं, पोर्तुगीज पोलीस घाट चढून येऊ शकत नव्हते. ट्रक सीमेच्या अलीकडे उभा आणि आवाज पलीकडे. माणसाला अडवता येतं, गाडीला अडवता येतं, लहरीला जकातनाका नसतो.

असं सहा वर्षं चाललं. त्या काळात मोहन रानडे, मूळचे सांगलीचे, बेतीच्या चौकीवरच्या हल्ल्यात पकडले जाऊन पोर्तुगालच्या तुरुंगात पोचले होते. गोवा सुटल्यावरही ते सुटले नाहीत, थेट जानेवारी 1969 ला सुटले. त्यांच्या सुटकेसाठी झटणाऱ्यांत परत सुधीर फडकेच. पुढे रानडे पुण्यात राहिले आणि 2019 मध्ये गेले.

डिसेंबर 1961. भारताने सैन्य पाठवायचं ठरवलं. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हाने शरण यावं, उगाच रक्तपात करू नये, हा निरोप याच जंगलातल्या केंद्रावरून दिला गेला. तिकडे सालाझारचा हुकूम शेवटच्या माणसापर्यंत लढायचा. 18 तारखेला हवाई दलाच्या हंटर विमानांनी बांबोळीचं वायरलेस केंद्र उडवलं. पोर्तुगीजांचा आवाज बंद झाला. 19 डिसेंबरला संध्याकाळी गव्हर्नरने शरणागती दिली.

आणि मग गोष्टीतली दुसरी सीमा. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांना हवाई दलाच्या विमानात बसवलं गेलं. विमानात ट्रान्समीटर, विमानाला ध्वनिवर्धक. सहा वर्षं डोंगरावरून ज्या मुलखाशी बोलले, त्याच मुलखावरून ते विमान फिरलं आणि 451 वर्षांनी गोवा मुक्त झाल्याची बातमी लिबियाबाईंनी आकाशातून दिली. यंत्र घेऊन सीमा ओलांडली तेव्हा खाली सीमाच उरली नव्हती. पुढे या दोघांनी लग्न केलं. लिबियाबाईंना पद्मश्री मिळाली 2025 मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी. उशीर झाला असं म्हणावं की बाई तोपर्यंत टिकल्या म्हणावं, तुम्हीच ठरवा.

आता कोणी विचारेल, भोर-वेल्ह्याचा याच्याशी काय संबंध?

एक तर सीमा म्हणजे काय हे आपल्या आजोबा-पणजोबांना माहीत होतं. 1948 पर्यंत भोर हे पंतसचिवांचं संस्थान होतं. संस्थानची हद्द आणि इंग्रजांची हद्द वेगळी, कायदा वेगळा. ती रेघ पुसली गेली म्हणून आज आपल्याला कळतही नाही की ती कुठून जात होती. गोव्याची रेघ पुसायला आणखी तेरा वर्षं लागली, एवढंच.

दुसरं, रेंजचं. कानद खोऱ्यातल्या, हिरडस मावळातल्या माणसाला रेंज म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. गावात फोन लागत नाही, टेपावर जाऊन उभं राहिलं की लागतो. आजारी माणसासाठी गाडी बोलवायला पोरगं अर्धा डोंगर चढतं. बातमी पोचणं ही जिवाशी गाठ असते, हे आंबोलीच्या त्या ट्रकइतकंच आपल्याला कळतं. गडावर अडकलेल्या ट्रेकरला शोधणाऱ्या पोरांच्या हातात वॉकीटॉकी असतो, त्याचीही किंमत तिथेच कळते. (त्याबद्दल एक सूचना: ठरावीक बँडचे, कमी ताकदीचे संच विनापरवाना चालतात, बाकीच्यांना आजही परवाना लागतो. सॅटेलाईट फोन तर परवानगीशिवाय नाहीच. गोव्याच्या विमानतळावर असली उपकरणं सापडली म्हणून परदेशी पाहुण्यांना ताब्यात घेतल्याच्या बातम्या अगदी अलीकडच्या आहेत.)

तिसरं माझं स्वतःचं. काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात रात्री फोन आला, अमुक पूल गेला म्हणून. मी खात्री न करता इथेच पोस्ट टाकली. पूल जागेवर होता, फक्त पाणी वरून जात होतं. पण तोपर्यंत पलीकडच्या गावातली माणसं घाबरून रात्रभर जागली. एका घरात पेशंट होता, त्यांनी गाडी काढलीच नाही. सकाळी पाणी ओसरल्यावर नेलं. पेशंट वाचला, म्हणून मी आज हे लिहू शकतोय. माझ्याकडे पत्रकारितेचा डिप्लोमा होता, चार्ज असलेला फोन होता, फुल रेंज होती. एक फोन करून विचारायचं तेवढं राहिलं.

लिबियाबाई आणि वामनरावांचा ऐकणारा माणूस चोरून ऐकत होता. पकडला गेला तर तुरुंग. असा माणूस धोका पत्करून कान देतो, तेव्हा त्याला खोटं सांगता येत नाही. एकदा विश्वास गेला की तो रेडिओ बंद करणार, आणि तुम्हाला कळणारही नाही. आज ऐकणाऱ्याला धोका नाही आणि सांगणाऱ्यालाही नाही. म्हणून बहुतेक आपण दोघंही सैल झालोय.

शेवटी एक विनंती. 1954-55 मध्ये भोर, वेल्हे, नसरापूर, शिरवळ या पट्ट्यातून गोव्याच्या सत्याग्रहाला कोणी गेलं होतं का, ते मी गोळा करतोय. तुमच्या घरात आजोबांचा फोटो असेल, तुरुंगातलं पत्र असेल, नुसती सांगितलेली आठवण असेल, तरी इथे लिहा किंवा मला येऊन भेटा. त्या पिढीतली माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

आणि हो, यावेळी खात्री करूनच छापीन.