फोनला रेंज नाही? दुरुस्तीला देण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा

फोनला रेंज येत नाही, कॉल मध्येच कट होतो, नेट नुसतं गोल गोल फिरत राहतं. असं झालं की बरेच जण थेट एम. जी. रोडवरचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान गाठतात. पण दोष तीन ठिकाणी असू शकतो: जागा, सिम किंवा हँडसेट. तो कुठे आहे हे न ओळखताच फोन बाहेर उघडला, तर पैसे जातातच आणि वॉरंटीही जाऊ शकते. म्हणून आधी घरच्या घरी ही तपासणी करा.

अदलाबदल करून बघा

तुमच्याच कंपनीचं सिम वापरणारा मित्र सोबत घ्या आणि जिथे त्रास होतो तिथेच उभे राहा.

१. मित्राच्या फोनलाही रेंज नाही: दोष जागेचा किंवा टॉवरचा.
२. तुमचं सिम मित्राच्या फोनमध्येही चालत नाही: दोष सिमचा. गॅलरीतून सिम बदलून घ्या. नवीन सिम सुरू झाल्यावर २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणजे ओटीपी येणार नाही. परीक्षेचा फॉर्म किंवा बँकेचं काम आधी उरका.
३. तुमचं सिम मित्राच्या फोनमध्ये चालतं, पण मित्राचं सिम तुमच्या फोनमध्ये चालत नाही: दोष हँडसेटचा. दुसऱ्या सिम स्लॉटमध्येही एकदा टाकून बघा.

काड्यांवर विसंबू नका

किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन कंपनी स्वतः ठरवते. २०१० मध्ये आयफोन ४ विशिष्ट पद्धतीने हातात धरला की सिग्नल पडायचा. तेव्हा अ‍ॅपलनेच मान्य केलं की काड्या दाखवण्याचं त्यांचं गणित चुकीचं होतं आणि काड्या प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसत होत्या. पुढे ग्राहकांना मोफत कव्हर द्यावं लागलं.

खरा आकडा डीबीएममध्ये असतो. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये तो सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस इथे सापडतो. आकडा उणे असतो. ४जी वर उणे ९० च्या आसपास असेल तर सिग्नल चांगला, उणे ११५ च्या पलीकडे गेला तर कमजोर. मित्राच्या आणि तुमच्या फोनचा आकडा एकाच जागी ताडून बघा. मोठा फरक सतत दिसला तर अँटेनाचा संशय घ्या.

जागेचा दोष

कसारा घाट, त्र्यंबकेश्वरजवळचे डोंगर, पेठ-सुरगाण्याचा भाग: इथे मध्ये डोंगर आला की सिग्नल अडतो. शहरात तळघरातलं पार्किंग, जाड स्लॅब आणि अंबड-सातपूरमधले पत्र्याचे शेड तेच काम करतात. सिग्नल कमजोर असला की फोन जास्त ताकद लावतो, म्हणून बॅटरी उतरते आणि फोन गरम होतो. तो बिघाड नव्हे.

गर्दीचं गणित वेगळं. २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडावर काड्या फुल्ल असूनही नेट अडकलं, तर समजा की टॉवरवर ताण आहे. अशा वेळी व्हिडिओ कॉलऐवजी साधा एसएमएस जाण्याची शक्यता जास्त.

फुकटात होणारे उपाय

- अर्धा मिनिट एअरप्लेन मोड चालू करून बंद करा.
- सिम काढून कोरड्या कापडाने पुसा. धातूचं किंवा चुंबक असलेलं कव्हर काढून बघा.
- व्होल्टे चालू आहे का ते तपासा. जिओला २जी-३जी नाही, त्यामुळे व्होल्टेशिवाय साधा कॉल लागत नाही.
- घरात वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा.
- शेवटी नेटवर्क सेटिंग्ज रीसेट करा. फोटो जात नाहीत, पण वायफायचे पासवर्ड पुन्हा टाकावे लागतात.

हँडसेट बिघडल्याची लक्षणं

- स्क्रीन बदलल्यावर किंवा फोन पडल्यावर लगेच रेंज कमी झाली: अँटेनाची वायर किंवा कनेक्टर सैल असू शकतो. हे तुलनेने स्वस्तातलं काम आहे.
- फोन गरम झाला की ‘नो सिम’ दिसतं आणि थंड झाला की सिम परत येतं: मदरबोर्डवरचा सांधा सुटल्याची शक्यता.
- *#०६# डायल केल्यावर आयएमईआय दिसतच नाही: मदरबोर्ड किंवा सॉफ्टवेअरचा मोठा बिघाड. “दुसरा आयएमईआय टाकून देतो” असं कोणी म्हटलं तर तिथून निघा. आयएमईआय बदलणं गुन्हा आहे. दूरसंचार कायदा, २०२३ नुसार ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

सेकंडहँड फोन घेत असाल तर पैसे देण्याआधी इंग्रजीत केवायएम, स्पेस आणि आयएमईआय लिहून १४४२२ वर एसएमएस करा. चोरीचा म्हणून ब्लॉक झालेल्या फोनला नेटवर्क मिळत नाही, आणि त्यावर कुठलीच दुरुस्ती चालत नाही.

वॉरंटीत असेल तर

बॅकअप घ्या, सिम आणि मेमरी कार्ड काढा, बिल सोबत न्या. सर्व्हिस सेंटरमधून जॉबशीट घेतल्याशिवाय निघू नका. त्यावर आयएमईआय, तारीख आणि तुमची तक्रार जशीच्या तशी हवी. नुसतं ‘सॉफ्टवेअर अपडेट’ लिहिलं असेल तर ‘रेंज जाते’ हेही लिहून घ्या. तोच दोष तीनदा आला हे पुढे याच कागदांवरून सिद्ध होतं.

दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. त्यानंतरची पायरी म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. फोन ऑनलाइन घेतला असला तरी तुम्ही नाशिकमध्ये राहत असाल तर तक्रार नाशिकलाच करता येते. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं.

दोष नेटवर्कचा असेल तर

१९८ वर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. तरीही फरक पडला नाही तर नंबर पोर्ट करा: इंग्रजीत पोर्ट, स्पेस आणि तुमचा नंबर लिहून १९०० वर पाठवा. सिम नुकतंच बदललं असेल तर ७ दिवस थांबावं लागेल. आणि पोर्ट करण्याआधी नव्या कंपनीचं सिम असलेला मित्राचा फोन तुमच्या घरात आणून रेंज बघा. जाहिरातीतल्या दाव्यापेक्षा ही चाचणी जास्त खरी.