घरची शाळा, पहाटेचा पाठ आणि पंडिता रमाबाई

लहान मुलांना शाळेत न घालता घरी शिकवावे आणि आठवड्यातून एक-दोन दिवस तेवढे त्यांना इतर मुलांबरोबर एखाद्या वर्गात बसवावे, ही पद्धत अमेरिकेतील ख्रिस्ती कुटुंबांत गेल्या तीन-चार दशकांत चांगलीच रुजली आहे. १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लासिकल कॉन्व्हर्सेशन्स’ या संस्थेच्या वर्गांत मुले आठवड्यातून एकदा जमतात. बाकीचे दिवस शिकवण्याचे काम आईवडिलांकडे असते. या पद्धतीला ‘अभिजात’ म्हणतात, कारण तिची मांडणी मध्ययुगीन युरोपातील व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन पायऱ्यांवर आधारलेली आहे. इंग्रज लेखिका डोरोथी सेयर्स यांनी १९४७ साली ऑक्सफर्डमध्ये दिलेल्या एका व्याख्यानातून या जुन्या पायऱ्यांना नवे आयुष्य मिळाले. मुलांच्या पहिल्या पायरीला त्यांनी चक्क पोपटाची अवस्था म्हटले होते. आपल्याकडे ‘पोपटपंची’ ही शिवी आहे. सेयर्स यांच्या मते मात्र त्या वयात मुलांना पाठांतर मनापासून आवडते, तेव्हा ते त्याच वयात भरपूर करून घ्यावे.

मराठी वाचकाला यात नवे वाटण्यासारखे थोडेच आहे. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी आणि दिडकी घोकणारी पंतोजींची शाळा याच विश्वासावर चालत असे. संस्कृत पाठशाळेतील विद्यार्थीही शब्दरूपावली आणि अमरकोश आधी मुखोद्गत करी. अर्थ पुढे यायचा. अशा घरगुती अभिजात शिक्षणाचे मराठी समाजातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचे हे शिक्षण हिंदू शास्त्रपरंपरेतील होते. त्या ख्रिस्ती झाल्या आणि मुलांच्या शिक्षिका झाल्या, ते पुढे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले आणि त्यापायी स्वजनांचा रोष पत्करला. रमाबाईंचे शिकण्याचे वय झाले तेव्हा अनंतशास्त्री वृद्ध झाले होते, म्हणून मुलीला शिकवण्याचे काम आईने उचलले. कुटुंब तीर्थयात्रेत सतत हिंडत असे; दिवसभर स्वयंपाक, पाहुणे आणि प्रवास. मोकळा वेळ उरे तो पहाटेचा. लक्ष्मीबाई झोपेने जड झालेल्या मुलीला हाक मारून, जवळ घेऊन उठवीत आणि पाठ सुरू होई. पुस्तक नसे. आई म्हणे, मुलगी तिच्यामागून म्हणे. व्याकरण, कोश आणि भागवत पुराण अशा रीतीने रमाबाईंना पाठ झाले. या शिकवणीचे फळ १८७८ साली कलकत्त्यात दिसले. तेथील विद्वानांनी विशीतल्या रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

ही हकिगत बहुतेक चरित्रांत येते आणि येथेच थांबते. तिची दुसरी बाजू रमाबाईंनी स्वतः पुढे लिहून ठेवली आहे आणि घरच्या शाळेचा विचार करणाऱ्याने तीच अधिक बारकाईने वाचावी. मुलांवर बाहेरचे संस्कार होऊ नयेत म्हणून आईवडिलांनी त्यांना व्यावहारिक शिक्षणापासून दूर ठेवले होते. पोट भरण्याचे कोणतेही काम त्यांना शिकवलेले नव्हते. मोलमजुरी करणे किंवा हात पसरणे कमीपणाचे वाटत असे. मद्रास इलाख्यातील दुष्काळात पैसा संपला तेव्हा सारे शास्त्रज्ञान असूनही हे कुटुंब उपाशी राहिले. १८७४ साली वडील गेले, लवकरच आई गेली, मग थोरली बहीण. एवढी विद्या मुखोद्गत असलेली मुलगी स्वतःच्या आईला जगवू शकली नाही.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत गेल्या. तेथे त्यांनी फ्रेबेलच्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले आणि मराठी मुलांसाठी क्रमिक पुस्तके लिहिण्याचा उद्योग केला. जिने स्वतः पुस्तकाशिवाय, केवळ कानांनी विद्या मिळवली, ती ठोकळे, गाणी, मातीकाम आणि खेळ यांतून शिकवण्याच्या पद्धतीकडे ओढली गेली, हे सहज घडले नसावे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन निराधार मुलींना घेऊन आल्या. आजचा भंडारा जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता. या मुलींसाठी केडगावला उभ्या राहिलेल्या मुक्ती सदनात प्रार्थना आणि वाचनाबरोबर विणकाम, छपाई, शेती आणि तेलघाणीही होती. आईकडून आलेले पाठांतर रमाबाईंनी सोडले नाही. ज्या पायावर त्या उभ्या होत्या तो तोच होता. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी मराठीत केलेले संपूर्ण बायबल त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले. पण केवळ जिभेवर त्यांनी मुलींना सोडले नाही.

आज महाराष्ट्रात एखाद्या कुटुंबाला असा वर्ग चालवायचा असेल, तर कायद्याची स्थिती अशी. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयोगटासाठी आहे. सहा वर्षांखालील मुलांच्या घरगुती वर्गाला त्याची आडकाठी नाही. सहाव्या वर्षानंतर मुलाला शाळेत दाखल करण्याचे कर्तव्य कायदा पालकांवर टाकतो. घरच्या शिक्षणाचा त्यात उल्लेख नाही आणि दाखल न करणाऱ्या पालकाला शिक्षाही नाही. अशी मुले बहुधा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष परीक्षा देतात, किंवा राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज भरून दहावीला बसतात.

भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यात खरी अडचण कायद्यापेक्षा वेगळीच आहे. पहिली अडचण भाषेची. पाठांतराचा मजकूर, मग तो स्तोत्रसंहितेचा असो, ना. वा. टिळकांच्या भजनांचा असो की पाढ्यांचा, प्रमाण मराठीत असतो. मूल घरी झाडीबोली बोलते आणि ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणते. दर ओळीला उच्चार सुधारणारी शिक्षिका मुलाचे तोंड बंद करते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या किंवा मातृभाषेतून शिकवण्याची शिफारस केली आहे. लहान वर्गाला ती मोठ्या शाळेपेक्षा सहज पाळता येईल; गोष्ट मुलाच्या बोलीत सांगावी, पाठ करायची ओळ प्रमाण भाषेत म्हणावी.

दुसरी अडचण आईच्या वेळेची. आठवड्यातला एक दिवस वर्ग सांभाळतो, उरलेले दिवस कोणी सांभाळायचे? अमेरिकेतील पद्धत घरात राहणारी, शिकलेली, सवड असलेली आई गृहीत धरते. भंडारा, लाखांदूर, साकोलीकडे रोवणीच्या दिवसांत बाई सकाळपासून चिखलात वाकलेली असते. लक्ष्मीबाईंची पहाट तिलाही मोकळी नसते, कारण डबा त्याच वेळी बांधायचा असतो. अशा ठिकाणी वर्गाचे वेळापत्रक जूनपासून नव्हे, रोवणी आणि धानकापणी पाहून लावावे लागेल. त्या आठवड्यांत घरचा पाठ आजीकडे किंवा थोरल्या भावंडाकडे सोपवावा लागेल, आणि तो दहा मिनिटांहून मोठा ठेवता येणार नाही.